असिड्युअस म्हणजे नुसते ‘मेहनती’ नव्हे

माझी भाची वाळपईची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी, आता पणजीत बारावीला आहे. स्पर्धा परीक्षेसाठी तिने एक वही घातली आहे. डावीकडे अवघड इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. परवा वही पुढ्यात ठेवून म्हणाली, “मामा, हे चार बघ. डिलिजंट, इंडस्ट्रियस, असिड्युअस, सेड्युलस. चारांचाही अर्थ मेहनती. मग चार शब्द कशाला?”

प्रश्न रास्त आहे. वहीतला अर्थ चुकलेला नाही, पण तो एवढा मोठा आहे की चारही शब्द त्यात हरवतात.

डिलिजंटच्या मुळाशी लॅटिनात आवडणे, निवडून जवळ करणे असा अर्थ आहे. म्हणून डिलिजंट माणसाच्या कामात काळजी दिसते, तो बारीकसारीक तपासतो. जमीन घेण्याआधी वकील कागदपत्रे पाहतो त्याला ड्यू डिलिजन्स म्हणतात ते यामुळेच. इंडस्ट्रियस म्हणजे ज्याचे हात रिकामे नसतात तो. मधमाशीला हे विशेषण शोभते.

असिड्युअसपाशी मात्र थांबावेसे वाटते. लॅटिनात सेदेरे म्हणजे बसणे. आसिदेरे म्हणजे जवळ बसणे, बसून राहणे. आपण ‘बैठक मारून अभ्यास केला’ म्हणतो, त्यातला भाव हाच! यात कष्टापेक्षा सातत्य महत्त्वाचे. आमच्या आजोबांचे पोर्तुगीज सेगुंद ग्राव, म्हणजे तेव्हाचे प्राथमिक शिक्षण, झालेले. शाळा न चुकवणाऱ्या मुलाला ते ‘आसिदुऊ’ म्हणत. पोर्तुगीजमध्ये हा शब्द आजही नियमित हजेरी लावणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वापरतात. भाचीला एवढे सांगितले आणि तिला शब्द कळला. अर्थ पाठ करावा लागला नाही.

याच घरातला आणखी एक शब्द आपण रोज बोलतो: सुसेगाद. पोर्तुगीज सोसेगादूवरून आलेला, आणि त्याचेही मूळ त्या बसण्यातच. मनातली खळबळ खाली बसली की माणूस सुसेगाद होतो. जाहिरातींनी त्याचा अर्थ आळशी असा करून टाकला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुपारी दुकानाची फळी लावून जेवणारा माणूस आळशी नसतो. इंग्रजीतला सेडेट, म्हणजे धीरगंभीर, संथ, हा सुसेगादचा खरा भाऊ. संस्कृतातला सद् धातूही याच कुळातला; सदन, संसद, उपनिषद हे शब्द त्यातूनच आले. असे असताना हे इंग्रजी शब्द परके म्हणून घोकायचे कशाला?

आता इन्सिडियस. लॅटिनात दबा धरून बसणे. आज तो कपटासाठी येतो, तसाच गाजावाजा न करता आत शिरणाऱ्या रोगासाठीही येतो. समुद्रकाठच्या घरांत खाऱ्या हवेने खिडकीचे गज वरून रंगवलेले दिसतात आणि एके दिवशी हातात मोडून येतात. तो गंज इन्सिडियस. मराठीत ‘आतून पोखरणारा’ म्हटले की बराचसा अर्थ येतो, पण दबा धरण्यातला कावा निसटतो.

मडगावहून एका शिक्षिकेचे म्हणणे: मूळ सांगावे, पण जपून. माझ्या वर्गात एकाने दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाला असिड्युअस ठरवले, बसतो म्हणून. तो सेडेंटरी, म्हणजे बैठ्या कामाचा, झाला. मूळ अर्थाच्या दारापर्यंत नेते, आत काय चालते ते वाक्येच सांगतात.

अगदी मान्य, बाई. म्हणून भाचीला मी आता शब्दासोबत त्याचा शेजारीही लिहायला सांगितला आहे. असिड्युअस रीडर, असिड्युअस केअर. इन्सिडियस डिसीज. आजारी माणसाच्या उशाशी रात्ररात्र बसणाऱ्या आईची शुश्रूषा असिड्युअस. एका रात्रीत खपून प्रकल्प पुरा करणारा मुलगा मेहनती खरा, पण असिड्युअस नव्हे.

डिचोलीहून एका वाचकाचा प्रश्न: आमच्याकडे एखादी गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली म्हणतात. ऑब्सेसचे मूळ तेच का?

तेच. ऑब्सिदेरे म्हणजे समोर बसणे, गावाला वेढा घालून बसणे. जुन्या धार्मिक इंग्रजीत भूत बाहेरून छळते ते ऑब्सेशन आणि आत शिरते ते पझेशन. पझेसमध्येही बसणेच आहे, धनी होऊन बसणे. आपले ‘झपाटणे’ दोन्हीकडे चालते. भुताने झपाटले म्हणतो तसे झपाटून काम केले असेही म्हणतो. इंग्रजी ऑब्सेस्डमध्ये मात्र काहीतरी प्रमाणाबाहेर गेल्याची छटा बहुधा असतेच, म्हणून कौतुक करताना तो जपून वापरावा.

पेडण्याहून: सुपरसीडच्या स्पेलिंगात नेहमी गोंधळ होतो. शेवटच्या भागात एस की सी?

एस. वर बसणे, म्हणून. सरकारी कचेरीत ‘मला सुपरसीड केले’ म्हणतात तेव्हा मागून आलेला वरच्या खुर्चीत बसलेला असतो. ती खुर्ची आठवली की सी येत नाही.

भाचीचा ताजा प्रश्न: इन्सिडियस आणि इन्व्हिडियस एकच का? नाही, बाय. दुसऱ्यात बसणे नसून बघणे आहे, तेही वाकड्या नजरेने. आजी मीठमिरची ओवाळून दृष्ट काढते ना, ती दृष्ट. म्हणून दोन बहिणींची चारचौघांत अशी तुलना करणे, की एकीच्या मनात दुसरीविषयी अढी बसावी, ही इन्व्हिडियस तुलना. या शब्दाला शेजारी बहुतेक तुलना किंवा भेदभाव असाच मिळतो.

सेड्युलस राहिला. ऐकायला तो असिड्युअसचा सख्खा वाटतो, पण नाही. त्याचे मूळ ‘कपटावाचून’ असे आहे. मन लावून, कसूर न ठेवता केलेले काम. सेड्युलसली अव्हॉइड असाही प्रयोग आहे, कटाक्षाने टाळणे. मी ‘इमानेइतबारे’पर्यंत पोचलो आहे, कपटावाचून हे त्यात चांगले उतरते, पण टाळण्याच्या वाक्यात तो चालत नाही. दोन्हीकडे बसेल असा एक शब्द कुणाकडे असेल तर कळवावा, वहीत ती जागा रिकामी ठेवली आहे.