एचईके-२९३ मध्ये ४६ ऐवजी ६२ ते ६७ गुणसूत्रे: चूक माझी की पेशींची?

विश्रामबाग_सांगली: नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी एचईके-२९३ (मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या) पेशी वाढवत आहे. त्या शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्कमध्येच मिळाल्या, त्यामुळे आधी किती पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) झाले याची नोंद नाही. विभाजन मध्येच थांबवणारे कोल्चिसिन देऊन स्लाइड केल्या, तर दहा पेशींत ६२ पासून ६७ पर्यंत गुणसूत्रे मोजली गेली. डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या एसटीआर चाचणीत मात्र ओळख बरोबर आली आहे. मग मानवी पेशींत ४६ का नाहीत?

कृष्णाकाठ_सातारा: या पेशींकडून ४६ ची अपेक्षाच धरू नये, त्यांच्यात साधारणपणे ६४ च्या आसपास गुणसूत्रे आढळतात. १९७३ च्या सुमारास अ‍ॅडेनोव्हायरस-५ चा डीएनए घालून त्या अमर, म्हणजे न थांबता विभागत राहणाऱ्या, केल्या गेल्या. त्या विषाणूची ई१ए आणि ई१बी प्रथिने पेशीतील आरबी आणि पी५३ या दोन पहारेकऱ्यांना निष्प्रभ करतात, त्यामुळे विभाजनात गुणसूत्रांची वाटणी चुकली तरी पेशी थांबत नाही की मरत नाही, आणि अशा चुकलेल्या पेशींपैकी जी भरभर वाढते तीच काही पॅसेजमध्ये फ्लास्क व्यापते. आपल्याकडे थॉम्पसन सीडलेस या द्राक्षाच्या जातीमधूनच ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडली गेली, तसेच काहीसे. फरक इतकाच की तिथे बागायतदार डोळसपणे निवडतो, इथे आपल्या नकळत निवड होते.

मिरज_कॅरिओटाइप: दहा पेशी फार कमी आहेत, निदान तीस तरी मोजाव्यात. स्लाइडवर थेंब टाकताना पेशी फुटून एखाद-दुसरे गुणसूत्र निसटते, म्हणून कमी आलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नये. एसटीआरबद्दलचा गैरसमज मात्र दूर करायला हवा: ती चाचणी पेशी कोणाच्या आहेत एवढेच सांगते, त्यांत गुणसूत्रे किती उरली हे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून पेशींची नवी व्हायल (कुपी) मागवा, सुरुवातीच्या पॅसेजमध्येच द्रव नायट्रोजनमध्ये साठा करा आणि प्रत्येक फ्लास्कवर पॅसेज क्रमांक लिहा. ४६ च्या जवळचीच संख्या हवी असेल, तर टेलोमरेझ या विकराने अमर केलेल्या, डोळ्याच्या पडद्यातील आरपीई-१ पेशी घ्याव्यात. अर्थात त्यांच्याही एक्स गुणसूत्राला १० व्या गुणसूत्राचा जादा तुकडा चिकटलेला असतो.

विश्रामबाग_सांगली: आभारी आहे. मग चार महिन्यांचे निकाल वाया गेले असे समजावे का?

कृष्णाकाठ_सातारा: तसे नाही. प्रथिन तयार करून घेण्यापुरत्याच पेशी वापरल्या असतील, तर फारसे बिघडत नाही. जनुकांच्या प्रतींवर किंवा पेशी-विभाजनावर निष्कर्ष काढला असेल, तर तोच प्रयोग जुन्या आणि नव्या पेशींवर एकाच दिवशी करून पाहा.