मदत हवी आहे: मुलाच्या रक्तात दात्याच्या पेशी, आणि आता पिशवी बंद करायची आहे

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सहा वर्षांचा. तान्हा असताना आतड्याला पीळ पडला आणि जवळजवळ सगळं लहान आतडं काढावं लागलं. शिरेतून पोषण देता देता यकृत गेलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी यकृत आणि आतडं एकत्रच बदललं. तिसऱ्या महिन्यात रिजेक्शन आलं, म्हणजे शरीर नवं आतडं नाकारायला लागलं. आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथे शीसाठी पिशवी लावली आहे, तिच्यातलं पाणी एका दिवसात दुप्पट झालं, त्यावरून कळलं. स्टेरॉइडने आटोक्यात आलं. आता तो वरणभात मागून खातो.

मागच्या तपासणीत रक्तातल्या टी पेशींपैकी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६ टक्के दात्याच्या निघाल्या. डॉक्टर म्हणाले, ही चांगली खूण असू शकते. कोलंबिया विद्यापीठात मेगन साइक्स यांच्या गटाला ४ टक्क्यांच्या वर दात्याच्या पेशी असलेल्यांत रिजेक्शन कमी आढळलं. पण याच पेशी उलटून मुलाच्या अंगावरही उठू शकतात, त्यामुळे जरा पुरळ दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो.

रिजेक्शन रोखायच्या औषधाने, टॅक्रोलिमसने, त्याचे हात थरथरतात. सासूबाईंना ते बघवत नाही, "पेशी एक झाल्या ना, मग औषध कशाला?" म्हणतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात आईवडिलांचं यकृत मिळालेल्या २० मुलांपैकी १२ जणांचं औषध सुटलं, हे मीच त्यांना सांगितलं होतं. पण ते नुसतं यकृत होतं, आणि सगळं डॉक्टरांच्या नजरेखाली. औषध मी बंद करणार नाही. डोस कमी झालेलं कुणाचं मूल आहे का? पिशवी बंद झाल्यावर रिजेक्शन कसं ओळखता?

प्रतिसाद:
ताई, आमच्या मुलीची पिशवी बंद होऊन तीन वर्षं झाली. शी किती वेळा, किती पातळ, हे रोज वहीत लिहिते. पोटाचा साधा संसर्ग आणि रिजेक्शन सुरुवातीला सारखंच दिसतं, खात्री बायोप्सीनेच (आतड्याचा बारीक तुकडा तपासून) होते. म्हणून जुलाब लागले की घरी वाट बघत बसत नाही, लगेच फोन करते. जुलाबात रक्तातली टॅक्रोची पातळी वरही जाते, तीही तपासायला सांगा. पपनसानेही ती वाढते, ते अजिबात देऊ नका. आमचा डोस कमी झाला, पण महिनोन्महिने, थोडा थोडा करत. पिशवी बंद करणं आणि डोस उतरवणं एकाच वेळी करणार आहेत का, हे आधी विचारा. दोन्ही एकदम झालं तर बिघडलं कशाने ते कळायचं नाही.