व्हीपीएन हिरवा, यादी रिकामी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. रात्री पावणेदोनला अथणीकडच्या एका साखर कारखान्यातून फोन आला. सेंट्रिफ्युगलचा पीएलसी थांबलाय, बघा की जरा. (पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा संगणक.) मी बेळगावात, टिळकवाडीत, अंथरुणात. लॅपटॉप मांडीवर घेतला, व्हीपीएन, म्हणजे तिकडच्या राउटरपर्यंतचा इंटरनेटमधला खाजगी बोगदा, लावला, हिरवा झाला. टीआयए पोर्टल या पीएलसीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अ‍ॅक्सेसिबल डिव्हायसेस’ला जाऊन शोध दिला. पट्टी भरत भरत शेवटाला गेली आणि यादीत एकही नाव नाही. परत दिला. नाही. पलीकडून ऑपरेटर सांगतोय, दिवा पिवळा आहे सर, पीएलसी मेलेला नाही. पिंग केलं, म्हणजे त्याच्या पत्त्यावर नुसती हाक पाठवली, तर त्याचंही उत्तर येतंय! मग यादीत का दिसत नाही?

दीड तास मी त्या राउटरच्या मागे लागलो. फायरवॉल बंद करून बघितली, व्हीपीएन काढून परत टाकला. गाडीची किल्ली हातात घेतली तेव्हा सहज म्हणून ‘एक्सटेंडेड गो ऑनलाइन’च्या खिडकीत, रिकाम्या ओळीत, पीएलसीचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हाताने टाइप केला. इंटरफेसमध्ये व्हीपीएनचं नेटवर्क कार्ड निवडलं. अर्ध्या मिनिटात ऑनलाइन. फॉल्ट होता एका प्रॉक्सिमिटी सेन्सरचा, पाच मिनिटांचं काम.

कारण नंतर उमगलं. सिमेन्सचा हा शोध डीसीपी नावाच्या बोलीवर चालतो. ते पॅकेट इथरनेटच्या थरावरच असतं, त्याला आयपी पत्ताच नसतो. म्हणजे ती गल्लीत मारलेली हाळी. ‘कोण कोण आहे रे घरात?’ गल्लीतले सगळे ओ देतात, पण राउटर म्हणजे गल्लीचं टोक, हाळी तिथंच विरते. ऑनलाइन जाणं मात्र आयपी पत्ता वापरणाऱ्या टीसीपी या बोलीवर, पोर्ट १०२ वर असतं. ते पत्ता लिहिलेलं पाकीट, ते कुठंही पोचतं.

उद्यमबाग, मच्छे, होनगा इथं मशिनं बांधून परमुलखात पाठवणारे आपण पुष्कळ आहोत. तुमचं काय झालं ते लिहा. उपदेश नको, प्रसंग हवेत. स्वतःची फजिती असेल तर उत्तमच.

मच्छेहून

माझं उलटं होतं. पिंगही नाही, काहीच नाही. राउटरच्या पानावरून पिंग केलं की पीएलसी ओ देतोय, माझ्या लॅपटॉपवरून केलं की मुका. दोन दिवस सिमकार्डवाल्यांना शिव्या घातल्या. शेवटी दुसऱ्याच कामाला साइटवर गेलो आणि प्रोजेक्ट उघडून बघतो तर गेटवेच्या रकान्यात काहीच नाही. ‘यूज राउटर’ची खूण मारलेलीच नव्हती. माझा प्रश्न पीएलसीपर्यंत पोचत होता, पण उत्तर बाहेर कुठल्या दाराने पाठवायचं हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. राउटर त्याच गल्लीतला म्हणून त्याला उत्तर मिळे.

आता जुन्या मशिनांवर, जिथं प्रोग्रॅमला हात लावायची परवानगी नसते, तिथं मी राउटरमध्येच मास्करेड लावतो. व्हीपीएनवरून आलेलं पॅकेट राउटर स्वतःच्या पत्त्यावरून पुढं ढकलतो. पीएलसीला वाटतं शेजारीच बोलतोय. गेटवे लागतच नाही.

निपाणीहून

फजिती मागितलीत ना, घ्या. घरून जोडत होतो. कारखान्यात पीएलसी १९२.१६८.१.१० वर. पिंग केलं, झकास उत्तर. ऑनलाइन जातो तर ‘कनेक्शन नाकारलं’. तासभर पासवर्ड, फर्मवेअर, लायसन्स सगळं धुंडाळलं. मग लक्ष गेलं की उत्तर एका मिलिसेकंदात येतंय. ऊसपट्ट्यातल्या फोर-जी सिमवरून एक मिलिसेकंद! माझ्या घरच्या वायफायचंही सबनेट (पत्त्यांची गल्ली) १९२.१६८.१ च, आणि त्यातला १० नंबर होता आमच्या गोठ्याच्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. मी तासभर म्हशींच्या डीव्हीआरला प्रोग्रॅम मागत होतो.

त्या रात्री मोबाइलचा हॉटस्पॉट लावून निभावलं. त्यानंतर घरचं सबनेटच बदलून टाकलं. नव्या मशिनांना १९२.१६८.० किंवा १ देतच नाही, बऱ्याच घरांत तेच असतं.

धागा काढणारा

डीव्हीआर! हसून हसून चहा सांडला. एक भर घालतो. ज्यांच्या लॅपटॉपात व्हर्च्युअल मशीन, वायफाय, दोन-तीन व्हीपीएन असा कार्डांचा बाजार भरलाय, त्यांची हाळी कित्येकदा भलत्याच कार्डातून बाहेर पडते. मी शोधायच्या आधी नको ती कार्डं बंद करतो.

शहापूर, बेळगाव

रॉकवेल कंपनीच्या पीएलसींवर काम करते, घरूनच. आरएसलिंक्स या त्यांच्या जोडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ड्रायव्हर दिसतात, एक ‘इथरनेट/आयपी’ आणि दुसरा ‘इथरनेट डिव्हायसेस’. पहिला आपणहून शोधतो, म्हणजे यूडीपी पोर्ट ४४८१८ वर ब्रॉडकास्ट करतो, तीही गल्लीतली हाळीच. ऑफिसात छान चालतो, म्हणून मला त्याचीच सवय. व्हीपीएनवर त्याच्या यादीच्या झाडाला पानच फुटेना. एकदा सकाळी नऊपासून मी तेच रिफ्रेश करत बसलेली. सासूबाई दोनदा येऊन बघून गेल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘‘कवापासनं काय शोधायलीस गं? कुठं ठेवलंस ते तुला म्हाईत हाय न्हवं?’’

माहीत तर होतं! आयपी वहीत लिहिलेला होता. दुसरा ड्रायव्हर घेतला, त्यात तो पत्ता भरला, प्रोसेसर समोर. सासूबाईंना कारण समजावत बसले नाही, कुंदा आणून दिला.

खानापूरहून

आमच्या जांबोटी भागात रेंज हीच खरी अडचण, गच्चीवर उभं राहून काम करायचं. पण शिकलो एक. साइटवरच्या सिमला १०० ने सुरू होणारा पत्ता मिळाला होता, १००.६४ ते १००.१२७ मधला. तो खाजगीच, बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे बाहेरची हाक राउटरकडून आत मशीनकडे वळवण्यात, आठवडा घालवला. आता मधे एक भाड्याचा सर्व्हर आहे, मशीनचा राउटरही तिथं जातो आणि मीही.

होनगा

टीआयएची यादी व्हीपीएनवर भरायचीच असेल तर भरते की. ओपनव्हीपीएन हा व्हीपीएन टॅप मोडमध्ये (यात इथरनेटची पॅकेटंही जातात) चालवून ब्रिज करायचं, म्हणजे दोन्हीकडची गल्ली एकच होते आणि डीसीपीची हाळी आरपार जाते. वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएनवर हे जमत नाही, तो आयपीचाच थर वाहतो. मी मोठ्या उत्साहात टॅप लावला. यादीत पीएलसी, एचएमआय (ऑपरेटरचा पडदा), ड्राइव्ह (मोटर चालवणारा), सगळी वरात. मित्राला फोटो पाठवला.

मग माज आला. एकाच घडणीचे दोन हायड्रॉलिक प्रेस, एक होसूरला, एक पुण्याकडे. प्रोग्रॅम एकाचा दुसऱ्यात उतरवलेला, त्यामुळे आयपीसुद्धा तेच. मी दोन्ही साइट एकाच ब्रिजवर घेतल्या. दहा मिनिटांत होसूरचा फोन. एचएमआयवर आकड्यांच्या जागी नुसती हॅश चिन्हं, मधेच आकडे येतात ते भलतेच. एकाच गल्लीत एकाच पत्त्याची दोन घरं झाली होती, पोस्टमन कधी इकडं देई कधी तिकडं. ऑपरेटर पुण्याच्या प्रेसचं प्रेशर बघून होसूरचा प्रेस चालवायच्या बेतात होता. हात थंड पडले माझे. ब्रिज तोडला, आणि प्रेस बंद ठेवायला सांगितलं.

कुणाचं बोट सापडलं नाही, एवढंच. आता एका वेळी एकच साइट. काही उतरवायच्या आधी पोर्टलमधून ‘फ्लॅश एलईडी’ दाबतो आणि समोरच्याला विचारतो, लुकलुकतंय का? त्याचं ‘होय’ ऐकल्याशिवाय पुढं नाही. तो कितीही घाईत असला तरी. शिवाय टॅपवर फुकटचं ब्रॉडकास्ट सिमचा डेटा खातं, तो हिशेब वेगळाच.

चिकोडीहून

कोडेसिस हे पीएलसीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी सोपी वाट आहे. स्कॅन त्याचा ‘गेटवे’ नावाचा प्रोग्रॅम करतो (वरचा नेटवर्कचा गेटवे वेगळा), आणि तो गेटवे आपल्याच लॅपटॉपात असला पाहिजे असं नाही. साइटवर पॅनेलमध्ये छोटा पीसी असेल तर गेटवे त्यावर चालवा, इथून त्याचा आयपी आणि पोर्ट १२१७ द्या. हाळी मारणारा माणूसच तिकडं नेऊन बसवला. माझी यादी पहिल्याच वेळी भरली.

पुन्हा मच्छेहून

कुणाला सापडूनही डाउनलोड अर्ध्यावर अडकतं का? ऑनलाइन व्हायचो, टॅग दिसायचे, प्रोग्रॅम पाठवला की ३० टक्क्यांवर गप्प. ‘पिंग’ला ‘एफ’ (तुकडे करू नको) आणि ‘एल’ (आकार) लावून आकार वाढवत गेलो. १३७२ जातंय, १४०० जात नाही. बोगद्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १४०० होता, २८ बाइट हेडरलाच जातात. एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची मर्यादा) कमी केला आणि सुटलं.

अथणी भागातून, ऑपरेटर

सगळ्यांचं वाचलो. त्या पावणेदोनच्या फोनवरचा मीच. सरांनी इथं धागा काढलाय हे आज कळलं.

आमची बाजू पण लिहितो. तुम्ही तिकडून म्हणता, राउटरचा कुठला दिवा लागलाय? इथं पॅनेल आहे पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात, एका हातात टॉर्च, एका हातात मोबाइल, वायर धरायला हात कुठला? खाली मोलॅसिसचा वास, वर मशीनचा आवाज, तुम्ही ‘लॅन’ (मशीनकडची जागा) म्हणता आणि मला ‘वॅन’ (इंटरनेटकडची) ऐकू येतं. डिसेंबरात मी तसंच केलो होतो. उंदरानं वायर कुरतडली म्हणून नवी घातली, ती लॅनच्या जागी वॅनमध्ये. दोन्ही भोकं सारखीच दिसतात की हो. बेंगळूरूचे एक साहेब फोनवर कन्नडात विचारत होते, मी प्रत्येक गोष्टीला ‘हौद्री, हौद्री’ (होय हो) म्हणत होतो, आणि त्यांना काय सापडेना. शेवटी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा त्यांनीच बघून सांगितलं.

त्यानंतर लॅनच्या भोकाला मी लाल नेलपॉलिश लावलंय, घरून आणून. आणि पॅनेलच्या दाराला आतून पीएलसीचा आयपी, सबनेट, गेटवे खडूनं लिहिलो होतो, तो पुसला. सर, तेवढं परत एकदा पाठवा, या खेपेला मार्करनं लिहितो.