फॉर्ममधला ‘व्यवसाय’ हा रकाना

ए-२०२: सेक्रेटरीसाहेब, सोसायटीच्या सदस्य यादीत माझ्या नावापुढे व्यवसाय ‘काही नाही’ असं छापून आलंय. मी तसं लिहून दिलं नव्हतं.

सी-५०१ (सेक्रेटरी): वहिनी, जुन्या यादीतून तसंच उचललं गेलं. ‘गृहिणी’ करून टाकतो.

ए-२०२: करा. पण वाचून पोटात तुटलं हो. बाळ सात महिन्यांचं आहे. रात्री तीनदा उठते, सकाळी नाचणीचं सत्त्व, मोठीचा डबा, तिची रिक्षा. नोकरी सोडली ती याच कामासाठी.

डी-४०४: सूनबाई, मनाला लावून घेऊ नकोस. आईच्या मायेचं मोल का कुठल्या कागदावर होतं?

बी-१०३: काका, कागदावर नसलं की काय होतं ते आम्ही भोगलंय. धाकटी बहीण अपघातात गेली. भरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न, मिळकत किती? मागे दोन लहान मुलं, आणि आमच्याकडे दाखवायला काहीच नाही. शेवटी आमच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल काढले. २००१ मध्ये लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या कामाचं मोल महिना ३००० रुपये धरलं होतं. २०१० मध्ये तर, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या गटात बसवलं म्हणून न्यायालयाने नाराजी नोंदवली. जानेवारी २०२१ च्या निकालातही गृहिणीचं उत्पन्न गृहीत धरायलाच हवं असं सांगितलंय.

डी-४०४: हे ठाऊक नव्हतं. तरी माया पैशात मोजायची, हे जिवावर येतं गं.

बी-१०३: मग वेळ मोजा, काका. २०१९ च्या सरकारी पाहणीत स्वतःच्या घरचं काम बिनपगारी करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, असं काम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं.

सी-५०१ (सेक्रेटरी): आत्ता यादी पाहिली. ‘काही नाही’ एकूण २३ जणींपुढे आहे. रविवारपर्यंत सगळ्यांनी आपापला मजकूर पाठवा, तोच छापू.

ए-२०२: माझ्यापुढे लिहा: मुलांचं संगोपन व घर, पूर्णवेळ.

डी-४०४: आमच्या हिचंही बघा. लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलीये. परवा पहाटे चारला उठलो तर ही ऑनलाइन. म्हणाली, बाळ मांडीवर आहे, लेकीला जरा झोपू दिलंय. काय लिहायचं ते तिलाच विचारून कळवतो.