२२ वायरींचा हार्नेस टेस्टर मेगावर केलाय, पण १२ नंबर कायम शॉर्ट दाखवतोय

भोसरीवाला
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं छोटं शेड आहे, ई-रिक्षाचे वायरिंग हार्नेस (कनेक्टर लावलेले वायरींचे जुडगे) बनवतो. आत्तापर्यंत मल्टिमीटरचा बझर लावून एकेक वायर चेक करायचो, त्यात वेळ तर जातोच पण संध्याकाळपर्यंत दमलेला माणूस नुसता बीप ऐकतो, शेजारच्या पिनला पण बीप येतोय का ते कोण बघत बसणार. मागच्या महिन्यात एक अख्खा लॉट परत आला, डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या वायरी अदलाबदल झालेल्या. पोरांवर ओरडून काय होणार, चेक करायची पद्धतच चुकीची होती, म्हणून टेस्टर करायला घेतला.
आर्डुइनो मेगा (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) घेतलाय. हार्नेसचं ए टोक बोर्डाच्या पिन २ ते २३ ला, बी टोक २४ ते ४५ ला. सगळ्या पिना इनपुट पुलअप (म्हणजे चिपच्या आतल्या रेझिस्टरने हाय, ५ व्होल्टकडे, ओढून धरलेल्या), मग एकेक पिन आउटपुट लो करायची आणि बाकीच्या कुठल्या लो झाल्या ते वाचायचं. पण हार्नेस न लावता पण ए टोकाची १२ नंबरची लाइन सगळ्यांशी शॉर्ट दाखवते! कनेक्टर बदलला, सोल्डरिंग परत केलं, दोन रात्री गेल्या. आणि प्रत्येक लाइनला रेझिस्टर टाकू का तेही सांगा.

फर्मवेअरवाला
दादा, वायरिंग उचकू नका, ते बरोबर आहे. तुमची १२ नंबरची लाइन म्हणजे बोर्डाची १३ नंबरची पिन आणि तिच्यावर बोर्डाचाच एलईडी बसलाय. आतला पुलअप २० ते ५० किलोओहमचा म्हणजे अगदी अशक्त, एलईडी आणि त्याचा रेझिस्टर मिळून ती पिन पावणेदोन व्होल्टच्या आसपास खाली ओढतात आणि मेगा ते लो म्हणून वाचतो. काही बोर्डांवर एलईडीच्या आधी बफर (पिनवर भार न येऊ देणारं सर्किट) असतो तिथे हा त्रास होत नाही, स्वस्तातल्या कॉपी बोर्डवर बहुतेक होतो.
सोपा उपाय म्हणजे २२ ते ६५ वापरा. मेगावर ए० म्हणजे ५४ आणि ए११ म्हणजे ६५, त्या अ‍ॅनालॉग पिना डिजिटलसारख्याच चालतात. सलग ४४ पिना मिळतात, लूप साधा राहतो, २० आणि २१ डिस्प्लेसाठी मोकळ्या राहतात.
अजून एक, पिन आउटपुट करायच्या आधी तिच्यावर लो लिहा आणि मगच मोड बदला. उलटं केलंत तर पुलअपमुळे ती क्षणभर हाय होऊन बाहेर पडते. लो केल्यावर वाचायच्या आधी एक मिलिसेकंद थांबा, लांब केबल असेल तर लाइन स्थिर व्हायला वेळ लागतो. रेझिस्टर टाकाच, ४७० ओहम चालेल, कोडमध्ये चूक होऊन दोन आउटपुट भिडले तर पिना वाचतील. पण त्याच्या भरवशावर बॅटरीला जोडलेला हार्नेस टेस्टरला लावू नका.

आयटीआयवाली ताई
वरचं सगळं बरोबर, पण भोसरीवाले दादा, हा टेस्टर खराब क्रिंप (वायरीवर दाबून बसवलेला टर्मिनलचा जोड) पकडणार नाही हे आधीच लक्षात घ्या. जोडामध्ये ५ किलोओहम रेझिस्टन्स असला तरी ३५ किलोच्या पुलअपसमोर तिथे ०.६ व्होल्टच्या आसपास येतं, म्हणजे सरळ लो, म्हणजे पास! आणि तोच जोड हेडलाइटचा करंट द्यायला लागला की गाडी बंद. क्रिंपसाठी वेगळं टेस्टिंग लागतं, एक अँपियर सोडून जोडावरचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजायचा, आणि अधूनमधून एक टर्मिनल ओढून तोडून बघायचं.
दुसरं म्हणजे फिक्स्चरमध्ये (हार्नेस टेस्टरला लावायच्या साच्यात) नेहमीचा जोडीचा कनेक्टर लावलात तर हाउसिंगमध्ये लॉक न झालेलं टर्मिनल पण पास होतं, गाडीत बसवताना मागे सरकतं. स्प्रिंगच्या पिना लावा, म्हणजे अर्धवट बसलेलं टर्मिनल मागे ढकललं जाऊन लाइन ओपन दाखवेल. आणि नमुन्याच्या हार्नेसवरून टेस्टरला कुठली पिन कुठे जोडलीय याचं टेबल शिकवणार असाल तर तो नमुना आधी दोघांनी ड्रॉइंगसमोर ठेवून तपासा, नमुनाच चुकला तर सगळा लॉट चुकीचाच पास होईल.

भोसरीवाला
दादा, तेराच होती!! २२ ते ६५ केलं आणि खोटा शॉर्ट गेला. मुद्दाम दोन इंडिकेटर वायरी उलट्या घालून लावल्या, लगेच दोन्ही नंबर डिस्प्लेवर. ताई, क्रिंपचं माझ्या डोक्यातच नव्हतं, उद्या पॉवर सप्लाय बघतो. अजून एक, रिले बसतो तिथे हार्नेसमध्ये डायोड आहे, रिले न लावता तिथे जोड एकाच बाजूने दिसतो दुसऱ्या बाजूने नाही, हे बरोबर का?

फर्मवेअरवाला
बरोबर, डायोड एकाच दिशेने करंट देतो, त्यामुळे टेबलमध्ये दोन्ही दिशा वेगळ्या साठवा. डायोड उलटा लागला तर तेही सापडेल. ४४ गुणिले ४४ बिट म्हणजे २४२ बाइट, मेगाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ४ केबी आहे, दहा-बारा मॉडेलचे हार्नेस आरामात बसतील.