जुना लॅपटॉप कमी खर्चात पळता केलाय का? (अनुभव धागा)

बरा नवा लॅपटॉप घ्यायचा तर चाळीस-पन्नास हजारांना फोडणी, आणि घरातला जुना भंगारवाला किलोवर मागतो. यांच्या मधला रस्ता ज्यांनी काढलाय त्यांनी इथे लिहा. 'या दहा सेटिंग बदला' छापाच्या याद्या नकोत, त्या यूट्यूबवर ढिगाने आहेत. मशीन कोणतं, अडत काय होतं, पैसे किती गेले आणि फरक पडला का, एवढं सांगा.

माझ्यापासून सुरुवात करतो. २०१५च्या सुमाराचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. दुकानात नेला की ठरलेलं उत्तर, 'फॉरमॅट मारून देतो.' फॉरमॅट मारला की आठवडाभर बरा चालायचा आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि नुसता बघत बसलो. एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, सीपीयू (प्रोसेसर) दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत, आणि डिस्कच्या खाली लाल पट्टीत १०० टक्के. प्रोसेसर बिचारा डिस्ककडे तोंड करून बसलेला.

मग तिच्या जागी साटाची (त्याच जोडणीत बसणारी) २५६ जीबी एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, टाकली. मी घेतली तेव्हा दोन हजारांच्या आत मिळाली होती. हल्ली भाव चढलेत, चौकशी करूनच घ्या. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते आणि साटा एसएसडी ५००च्या आसपास, पण खरा फरक या आकड्यांत नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलतं, आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर दर फाइलसाठी सुईला जागा बदलावी लागते. एसएसडीत हलणारं काहीच नाही. तोच आय-थ्री आता पासवर्ड टाकेपर्यंत तयार असतो. बसवणं घरीच जमतं: बॅटरी सुटी करायची, जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट काढून नवीला लावायची, स्क्रू एका वाटीत ठेवायचे. आधी बॅकअप मात्र घ्या.

शिक्षिका, सातारा जिल्हा

मी एक पैसाही खर्च केला नाही. शाळेची ऑनलाइन माहिती भरताना पोर्टल मुळात रडतं, त्यात लॅपटॉपही रडायचा. भाच्याने बघितलं तर दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले. एक विकतचा, मुदत संपलेला, आणि दुसरा विंडोजचा स्वतःचा. विकतचा काढून टाकला. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअपची यादी असते, तिथे प्रिंटरवाल्याचं, व्हिडिओ कॉलचं, गेम्सचं कायकाय आपोआप सुरू होत होतं, ते बंद केलं. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला होता, त्यात निम्मे व्हॉट्सॲपवरून उतरवलेले सत्काराचे व्हिडिओ. विमानासारखा उडत नाही, पण काम होतं.

डीटीपी, कोल्हापूर

आता कोणीतरी येऊन 'विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाका' म्हणणार, म्हणून आधीच सांगतो. आमच्या धंद्यात ते चालत नाही हो. इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका आणि अहवाल श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत पडलेत, ते सगळं विंडोजवरच उघडतं. म्हणून मी रॅम वाढवली, ४ची ८ केली. आधी टास्क मॅनेजरच्या मेमरीत पाहा, दोनपैकी किती स्लॉट (रॅमच्या पट्टीच्या खाचा) वापरात आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. एक रिकामा असेल तर नशीब. भावाने मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून वापरलेली पट्टी आणली, नव्याच्या निम्म्यातही नाही पडली. फक्त एक बघा: त्या काळच्या डीडीआर-३ रॅममध्ये दोन जाती आहेत. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपना १.३५ व्होल्टची 'एल'वाली लागते. साधी १.५ व्होल्टची खाचेत झकास बसते, पण मशीन उठतच नाही. जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल दुकानदाराला दाखवणं उत्तम.

निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

कोल्हापूरकर, तुमचं खरं, पण आमच्यासारख्यांना लिनक्सच बरं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि प्रोसेसर नव्या पिढीचा हवा. माझं मशीन त्यात कुठलं बसायला! मुलाने लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घालून दिली. ती थेट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासले, मगच बसवली. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून मिळतो. नेट बँकिंग, पेपर वाचन, नातवाशी व्हिडिओ कॉल, सगळं होतं. मेहुण्याला मात्र नको म्हटलं, त्याचा धंदा टॅली आणि डिजिटल सहीच्या टोकनवर चालतो.

नागपूर

मंडळी, डिस्क आणि रॅम ठीक असूनही मशीन रेंगाळत असेल तर हात लावून बघा, तापतंय का. आमच्याकडे मे महिन्यात माझा लॅपटॉप अर्ध्या तासात चटका द्यायचा आणि मग ढिम्म. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग दिसतो, तो २.४ गिगाहर्ट्झवरून खाली ०.८ वर यायचा. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच पाय ओढतो. खालचं झाकण उघडलं तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे धुळीचा अख्खा नमदा जमलेला, चिमटीने सलग उचलून काढला. ब्रशने साफ केलं, प्रोसेसरवरची वाळून पोपडे झालेली पेस्ट पुसून नवी लावली. पेस्टची नळी दोन-तीनशेची. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. आणि गादीवर ठेवून सिनेमे बघणं बंद!

पुण्यातून

एक कटू अनुभव. मुलीसाठी घेतलेला छोटा स्वस्त लॅपटॉप, ३२ जीबी ईएमएमसीचा (डिस्कऐवजी चिपवरची स्वस्त साठवण). उघडला तर साठवण आणि रॅम दोन्ही बोर्डावर डाख देऊन पक्की. विंडोजच्या मोठ्या अपडेटलासुद्धा जागा पुरत नाही. यावर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. विकत घेतानाच मॉडेल नंबर टाकून बघावं, काय बदलता येतं ते.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

ऑनलाइन '२ टीबी एसएसडी सातशे रुपयांत' दिसली तर लांब राहा. सहसा आत मेमरी कार्ड चिकटवलेलं असतं, आणि खोटी क्षमता दाखवून जुन्या फाइली गिळतं. एसएसडी लावल्यावर डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइली सलग लावणं) करायची नसते, विंडोज ट्रिम (पुसलेल्या फाइलींच्या जागेची आवराआवर) आपलं आपण करतं.

पुन्हा सातारा

काढलेल्या हार्ड डिस्कचं काय करता?

नाशिक

ताई, फेकू नका. साटा-यूएसबी केस तीन-चारशेत मिळते, तिच्यात बसवली की झाली पोर्टेबल डिस्क. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कची तब्येत बघा, 'कॉशन' दाखवत असेल तर महत्त्वाचं काही ठेवू नका. आणि टीव्हीला लावल्यावर नुसती टकटक करत असेल, तर बहुतेक वेळा वीज कमी पडतेय. दोन यूएसबी टोकांची केबल घ्या, दुसरं टोक मोबाइलच्या चार्जरला.