पिसाचा कलता मनोरा: मुले आणि आजींसह चढता येईल का?

प्रश्न
आम्ही जूनमध्ये इटलीला जाणार असून, फ्लॉरेन्सहून रेल्वेने पिसाला जाऊन त्याच दिवशी परतण्याचा विचार आहे. सोबत गुडघेदुखी असलेल्या सासूबाई, 10 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा आहे. सर्वांना मनोऱ्यावर जाता येईल का, आणि इतक्या कललेल्या वास्तूत मुलांना नेणे सुरक्षित आहे का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद
सर्वांना जाता येणार नाही. 8 वर्षांखालील मुलांना वर सोडत नाहीत, आणि मुलीसोबत मोठे माणूस लागेल. अडीचशेहून अधिक पायऱ्या वर्दळीने झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, त्यामुळे सासूबाईंना आग्रह करू नये. तिकिटावर वेळ ठरलेली असते. पिशव्या, अगदी पर्ससुद्धा, आधी सामानघरात ठेवाव्या लागतात, तेव्हा थोडे लवकर पोहोचावे.

प्रतिसाद
सुरक्षिततेची काळजी नसावी. बांधकाम 1173 साली सुरू झाले आणि जेमतेम तीन मजले उभे राहतात तोच मऊ जमीन खचू लागली. पुढे 1989 मध्ये पाविया येथील जुना मनोरा कोसळून चार जण दगावले, तेव्हा सावध होऊन 1990 च्या जानेवारीत पिसाचा मनोरा बंद करण्यात आला. अभियंत्यांनी उत्तरेकडच्या, म्हणजे उचललेल्या बाजूच्या पायाखालची माती थोडी थोडी काढून घेतली. ती बाजू हळूहळू खाली बसली, कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी झाला आणि डिसेंबर 2001 मध्ये मनोरा पुन्हा खुला झाला. दोन भिंतींमधला जिना गोल फिरत वर जातो, त्यामुळे एका वळणावर शरीर आतल्या भिंतीकडे ओढले जाते, तर पुढच्या वळणावर बाहेरच्या. हा कल पायांना जितका कळतो तितका छायाचित्रांत कळत नाही (मनोऱ्याला हाताने टेकू देणाऱ्या छायाचित्रांत तर मुळीच नाही), म्हणून मुलीला अवश्य न्यावे.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. तेवढा वेळ सासूबाई आणि मुलगा यांनी काय करावे? मुलगा रुसणार, हे नक्की.

प्रतिसाद
त्यांना कॅथेड्रलसमोरच्या घुमटाकार बाप्तिस्मागृहात पाठवा. तेथील कर्मचारी ठरावीक वेळाने गाऊन दाखवतात आणि एकट्याचा आवाज घुमून अनेकजण गात असल्याचा भास होतो. आजींना तो खालूनच ऐकता येईल. मुलाला वडिलांसोबत वरच्या सज्ज्यात जाता येईल, म्हणजे त्यालाही चढल्याचे समाधान. मनोऱ्याच्या तिकिटात हा प्रवेश येतोच असे मात्र गृहीत धरू नका.